स्मोअर्स बार्क घरी करताना: डाग का पडतात, बिस्किटं का सादळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘स्मोअर्सच्या चवीचा चॉकलेट बार्क, म्हणजे वर सजावट लावलेला चॉकलेटचा पातळ पत्रा, घरी केला. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये ४०० ग्रॅम टेम्पर केलेलं डार्क चॉकलेट ओतलं, वर बिस्किटांचे तुकडे आणि भाजलेले मार्शमॅलो लावले आणि ओट्यावरच थिजू दिलं. कडा छान चकाकत होत्या, पण मधोमध पांढुरके डाग आले. दुसऱ्या दिवसापर्यंत बिस्किटं सादळली, मार्शमॅलो चिवट झाले आणि बार्क तोडताना चॉकलेटपासून सुटून हातात आले. चॉकलेट चांगलं होतं, थर्मामीटरही वापरला होता. चुकलं कुठे?’

तुमचं टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट कडक आणि चकाकत थिजावं म्हणून ते ठरावीक तापमानांवर आणणं, चुकलेलं नाही, हे आधी सांगते. टेम्परिंग बिघडलं असतं तर कडासुद्धा निस्तेज झाल्या असत्या आणि सगळा पत्रा मऊ, बोटाला चिकटणारा राहिला असता. कडा चकाकतात आणि फक्त मध्यभाग पांढुरका पडतो, तेव्हा कारण वेगळं असतं. ते उष्णतेचं आहे आणि त्यावरचा इलाज सोपा आहे. बिस्किटं सादळण्याचं कारण मात्र पाणी आहे. घरी केलेले असे बार्क बहुतेक तिथेच फसतात, म्हणून या उत्तराचा मोठा भाग पाण्याबद्दलच आहे.

मुळात स्मोअर्स हा पदार्थ कसा खाल्ला जातो ते आठवा. अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांमध्ये रात्री शेकोटी पेटते, काडीला मार्शमॅलो ही साखरेची मऊ, फुगीर मिठाई टोचून निखाऱ्यांवर फिरवतात, आणि तो तांबूस होऊन आत वितळला की ग्रॅहम क्रॅकर नावाच्या दोन बिस्किटांमध्ये चॉकलेटच्या वडीबरोबर दाबून लगेच तोंडात टाकतात. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या एका मार्गदर्शिकेत ही कृती ‘सम मोअर’ या नावाने छापलेली आहे. आणखी हवं, असा त्या नावाचा अर्थ, आणि तोच पुढे बोलण्यात आखडून स्मोअर झाला. बनवण्यापासून खाण्यापर्यंत जेमतेम एक मिनिट जातं. त्या एका मिनिटात ओला मार्शमॅलो कोरड्या बिस्किटाला काहीही करू शकत नाही.

बार्कचं आयुष्य मात्र दोन-तीन आठवड्यांचं. बार्क म्हणजे झाडाची साल: चॉकलेटचा पातळ पत्रा ओतायचा, वर काहीबाही पसरायचं आणि थिजला की वेडेवाकडे तुकडे तोडायचे. एका मिनिटासाठी जन्मलेली जोडी तुम्ही त्या पत्र्यावर शेजारी-शेजारी डब्यात बंद करून ठेवली. साध्या मार्शमॅलोमध्ये साधारण १५ ते १८ टक्के पाणी असतं. भाजलेल्या बिस्किटात ते तीन-चार टक्के किंवा त्याहूनही कमी. चॉकलेटमध्ये एक टक्काही नसतं. बंद डब्यात ओल्याकडून कोरड्याकडे ओल सरकत राहते, आणि त्यासाठी दोघांनी एकमेकांना चिकटलेलं असण्याचीही गरज नाही. डब्यातली हवा ते काम करते. तुमच्या मार्शमॅलोने पाणी सोडलं म्हणून तो चिवट झाला, बिस्किटाने ते घेतलं म्हणून ते सादळलं. दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

मार्शमॅलो सुटून का आला, तेही यातच आलं. पाणी गेलं की तो आकसतो. चॉकलेट थिजून कडक झालेलं असतं, ते त्याच्याबरोबर आकसत नाही, मग दोघांमधली पकड जाते. शिवाय तुम्ही मार्शमॅलो आधी भाजून लावलेत. भाजलेल्या मार्शमॅलोचा पृष्ठभाग साखरेच्या ओलसर पाकाचा असतो आणि वितळलेलं चॉकलेट म्हणजे चरबी. ओल्या पाकाला चरबी धरून राहत नाही.

तेव्हा मार्शमॅलो पूर्ण वाळवून घ्यायचे. गरम कोकोच्या पुड्यांमध्ये किंवा सकाळच्या नाश्त्याच्या सिरिअलमध्ये जे छोटे, खडूसारखे कुरकुरीत मार्शमॅलो असतात तसे. ते तयार मिळाले तर उत्तमच. नाही तर घरी होतात, फक्त वेळ लागतो.

अगदी लहान आकाराचे मार्शमॅलो घ्या. मोठेच असतील तर कात्रीने तुकडे करा आणि कापलेल्या चिकट बाजूला कॉर्नफ्लोअर लावा. ट्रेवर बटर पेपर घालून एकमेकांना न चिकटतील असे पसरा आणि ओव्हन ९० अंशांवर ठेवा. सुरुवातीला ते फुगतात, तेव्हा घाबरून ट्रे बाहेर काढू नका, थोड्या वेळाने ते बसतात. दीड ते अडीच तास लागतात. अर्ध्या वेळानंतर ओव्हनचं दार लाकडी चमच्याच्या दांड्याने बोटभर उघडं ठेवलं तर वाफ बाहेर पडते आणि काम लवकर होतं. झाले की नाही हे गरम असताना कळत नाही, कारण गरम साखर मऊच लागते. एक बाहेर काढायचा, पाच मिनिटं गार होऊ द्यायचा आणि दाताखाली धरायचा. कुरकुरीत तुटला तर झाले. मधोमध जरा जरी चिकटपणा लागला तर अजून अर्धा तास.

याहून खात्रीची पद्धत वजनाची आहे आणि मी तीच वापरते. आधी १०० ग्रॅम मार्शमॅलो मोजून घ्यायचे. ते ८७-८८ ग्रॅमवर आले की जायला हवं तेवढं पाणी गेलं. ९३-९४ वरच थांबलात तर वरून कोरडे दिसले तरी आत ओल आहे, आणि तीच पुढे बिस्किटात उतरणार.

पण वाळवलेला पांढरा मार्शमॅलो म्हणजे स्मोअर्स नव्हे. शेकोटीवर त्याला जो तांबूस, किंचित करपलेला रंग येतो त्यात या पदार्थाचा जीव आहे. म्हणून वाळवून झाल्यावर तोच ट्रे ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली ३० ते ६० सेकंद ठेवायचा. इथे नजर हलवायची नाही. तांबूस आणि काळा यांच्यात दहा सेकंदांचं अंतर असतं. काही दाणे गडद, काही फिके राहिले तर तसेच राहू द्या, शेकोटीवर तरी कुठे सगळे सारखे भाजले जातात? बाहेर काढल्यावर ते जरा मऊ वाटतील आणि गार झाले की पुन्हा कडक होतील. गार होताक्षणी हवाबंद डब्यात. उघडे राहिले तर हवेतली ओल परत शोषून घेतात, आणि दमट दिवशी तासाभरातच हाताला चिकटू लागतात.

मार्शमॅलो हे एका वनस्पतीचं नाव आहे. पूर्वी ही मिठाई तिच्या मुळाच्या चिकट रसापासून करत. आता तिथे जिलेटिन आलं आहे आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, म्हणून शाकाहारी माणसांना हा बार्क देण्याआधी पाकिटावरचे घटक वाचून पाहाच. जिलेटिनऐवजी कॅराजिनन किंवा अगर हे समुद्री शेवाळापासून काढलेले पदार्थ घातलेले मार्शमॅलोही असतात. तेही वाळतात, पण ओव्हनमध्ये वेगळे वागतात: काही फुगण्याऐवजी पसरट होतात. आधी पाच-सहा दाण्यांवर करून बघा. अंडं चालत असेल तर तिसरी वाट मला फार आवडते. मेरिंगचे, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून केलेल्या घट्ट फेसाचे, नखाएवढे ठिपके पाडायचे, ९० अंशांवर दोन तास वाळवायचे आणि शेवटी ग्रिलखाली तांबूस करायचे. चव मार्शमॅलोच्या अगदी जवळ जाते आणि कुरकुरीतपणा त्याच्याहून सरस असतो.

आता बिस्किट. ग्रॅहम क्रॅकरला एकोणिसाव्या शतकातल्या सिल्व्हेस्टर ग्रॅहम या अमेरिकी धर्मोपदेशकाचं नाव मिळालं आहे. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा आणि साध्या आहाराचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. त्या कोंड्याच्या खमंगपणामुळेच स्मोअर्सचा गोडवा तोंडात बसत नाही. ग्रॅहम क्रॅकर नसतील तर भरड गव्हाचं, कमी गोड, कमी लोण्याचं बिस्किट घ्या. भरपूर लोण्याचं, तोंडात विरघळणारं बिस्किट इथे चालत नाही. बार्क तोडताना त्याचा भुगा होतो.

पाकीट उघडून बिस्किटं तशीच वापरू नका, आधी पुन्हा भाजा. दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून १५० अंशांवर आठ ते दहा मिनिटं. पाकिटात शिरलेली ओल जाते आणि चव जागी होते. पूर्ण गार झाले की पुढची पायरी करायची, जी बहुतेक कृतींमध्ये नसते: हे तुकडे चमचाभर वितळलेल्या चॉकलेटमध्ये घोळवायचे. जाड थर नको, नुसता हात फिरवल्यासारखा. नंतर बटर पेपरवर सुटे पसरून थिजू द्यायचे. चरबीचं हे पातळ आवरण ओल पूर्ण अडवत नाही, पण तिचा वेग खूप कमी करतं. वाळवलेला मार्शमॅलो आणि आवरण दिलेलं बिस्किट, दोन्ही केलंत तर बार्क दोन आठवड्यांनीही दाताखाली कुरकुरतो. एकच करणार असाल तर मार्शमॅलो वाळवा, कारण पाण्याचा साठा तिथे आहे. घोळवण्यापूर्वी तुकडे चाळून घ्या आणि खालचा चुरा बाजूला ठेवा, तो शेवटी लागणार आहे.

चॉकलेटबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ स्मोअर्समध्ये मिल्क चॉकलेट असतं आणि गरम असताना ते बरोबरच लागतं. बार्कमध्ये मात्र पत्राच चॉकलेटचा असतो, त्याचं प्रमाण कितीतरी जास्त. त्यावर मार्शमॅलोची साखर आली की दुसरा तुकडा घ्यावासा वाटत नाही. मी ६० टक्क्यांच्या आसपासचं डार्क घेते, किंवा दोन भाग डार्क आणि एक भाग मिल्क. मिल्क मिसळल्याने तो ओळखीचा दुधाळपणा येतो. शिवाय दुधाची चरबी पांढुरके डाग पडण्याची क्रियाही मंद करते. मिसळणार असाल तर काम करण्याचं तापमान अर्धा ते एक अंश खाली घ्या.

लेबलावर कोको बटर आहे ना, पाहा. तिथे पाम किंवा दुसरं वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. त्याला टेम्परिंग लागत नाही, नुसतं वितळवून ओतलं की थिजतं. खोली ३० अंशांवर असेल आणि गारवा करायची सोय नसेल तर कंपाउंड घेणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. तोंडात वितळण्याची मजा कमी होते एवढंच. फक्त दोन्ही एकत्र करू नका. ‘थोडं चांगलं चॉकलेट घालून कंपाउंडची चव सुधारू’ हा विचार अनेकांना सुचतो, मलाही शिकताना सुचला होता. पाम कर्नल तेलाच्या चरबीचं आणि कोको बटरचं जमत नाही. मिश्रण मऊ राहतं आणि काही दिवसांत वर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. ती बुरशी नसते, वेगळी झालेली चरबी असते, पण तसा तुकडा कुणाच्या हातात द्यावासा वाटत नाही.

तुमच्या डागांकडे येते. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकतं. आपल्याला त्यातला पाचवा हवा असतो. तो जवळजवळ ३४ अंशांवर वितळतो, म्हणून चॉकलेट खोलीत कडक राहतं आणि जिभेवर विरघळतं. खटकन तुटणं आणि चकाकी, दोन्ही त्याच्याच. टेम्परिंग म्हणजे ओतण्याआधी चॉकलेटमध्ये या पाचव्या प्रकाराचं विरजण लावणं. घरी सर्वांत खात्रीचा मार्ग हाच: ४०० ग्रॅमपैकी २७० ग्रॅम वितळवायचं, १३० ग्रॅम बारीक चिरून बाजूला ठेवायचं. डार्क असेल तर वितळवलेलं चॉकलेट ४५ ते ४८ अंशांपर्यंत न्यायचं. मग भांडं खाली उतरवून चिरलेलं चॉकलेट तीन वेळा विभागून घालायचं आणि सतत ढवळत ३१-३२ अंशांवर आणायचं. मिल्क असेल तर २९-३०, व्हाइट २८-२९. चिरलेल्या तुकड्यांत कारखान्यात तयार झालेले योग्य स्फटिक असतातच, ३४ च्या खाली ते टिकतात आणि बाकीच्या चॉकलेटला आपल्यासारखं करतात. दुसऱ्या पद्धतींसारखी आधी २७ पर्यंत उतरवून पुन्हा चढवण्याची गरज या पद्धतीत पडत नाही.

यात एक फसगत होते. ढवळता ढवळता सगळे तुकडे वितळले आणि थर्मामीटर अजून ३५ दाखवतोय, तर विरजण संपलं. आणखी एक मोठा तुकडा घाला आणि ३२ वर आल्यावर त्याचा जो भाग उरला असेल तो काढून टाका. ओतण्याआधी सुरीचं टोक चॉकलेटमध्ये बुडवून बाजूला ठेवा. २० अंशांच्या खोलीत तीन ते पाच मिनिटांत ते एकसारखं, चकाकत थिजलं तर पुढे जा. दहा मिनिटांनीही ओलसर दिसलं किंवा रेघा उमटल्या तर थांबा, पुन्हा थोडं विरजण घाला.

डबल बॉयलर वापरत असाल तर खालचं पाणी उकळू देऊ नका, नुसतं गरम ठेवा, आणि वरचं भांडं उचललं की त्याचा तळ लगेच पुसा. तळाचा एक थेंब ओघळून चॉकलेटमध्ये पडला तर साखरेचे कण त्याला चिकटतात आणि गुळगुळीत चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा होतो. असं चॉकलेट बार्कसाठी गेलंच. मी मायक्रोवेव्हच पसंत करते: अर्ध्या शक्तीवर, २०-३० सेकंदांचे टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर ढवळणं. वाफेचा संबंधच येत नाही.

तुम्ही हे सगळं बरोबर केलंत असं दिसतं. मग मधोमध डाग का? चॉकलेटची घनता साधारण १.३ धरली तर ४०० ग्रॅम म्हणजे जवळपास ३०८ घन सेंटिमीटर. २० बाय २० च्या टिनमध्ये त्याचा थर पाऊण सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त भरतो. आणि चॉकलेट थिजताना स्वतः उष्णता सोडतं, जसं वाफेचं पाणी होताना सोडतं. कडेची उष्णता टिनमधून आणि हवेत निघून जाते. मधली जाड थरात अडकते, तिथलं तापमान पुन्हा चढतं आणि आधी तयार झालेले चांगले स्फटिक मोडतात. मग तिथलं चॉकलेट हळूहळू, मनाला येईल तसं थिजतं. मधला पांढुरका गोल हाच. टिनच्या उभ्या कडांनी वारा अडला आणि ओट्यावर गारवा नव्हता, त्यामुळे भर पडली. ट्रफलपासून मोठ्या वड्यांपर्यंत चॉकलेटचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा गोल कधीतरी भेटलेला असतो. बहुतेक जण तेव्हा टेम्परिंगला दोष देतात आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा करतात.

इलाज दोन. पहिला, थर पातळ करा. तेच ४०० ग्रॅम ३० बाय २५ च्या जागेत पसरा, जाडी चार मिलिमीटर येते. त्यासाठी टिन नको, उलट्या ठेवलेल्या ट्रेवर बटर पेपर पुरे. दुसरा, थिजताना गारवा द्या. ओतून, सजवून झाल्यावर पत्रा खोलीत पाच-सात मिनिटं ठेवायचा, कडांची ओली चमक जायला लागली की फ्रिजमध्ये दहा ते पंधरा मिनिटं. फ्रिजचं काम फक्त ही सुटणारी उष्णता ओढून घेण्याचं आहे. त्यानंतर तो बाहेरच हवा.

हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी एक मोठा पत्रा रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवला होता. सकाळी बाहेर काढल्यावर त्यावर दव धरलं, दवात साखर विरघळली, आणि दव उडून गेल्यावर तीच साखर वर खरखरीत पांढरी साय होऊन राहिली. त्या दिवशी दोन्ही पांढरेपण ओळखायला शिकले. बोटाने हलकं घासून बघा: तुपकट वाटून नाहीसं झालं तर चरबी, खरखरीत राहिलं तर साखर. चरबीचं पांढरेपण उष्णतेमुळे येतं, साखरेचं पाण्यामुळे. तुमचं वर्णन पहिल्याचं आहे.

सजावटीला वेळ फार कमी मिळतो. चार मिलिमीटरचा पत्रा पाच मिनिटांत कड धरू लागतो आणि त्यानंतर टाकलेला तुकडा वरच राहतो, रुतत नाही. म्हणून चॉकलेट ओतण्याआधी सगळं मोजून, हाताशी वाट्यांत काढून ठेवा: ४०० ग्रॅम चॉकलेटला ८०-९० ग्रॅम बिस्किट, ५० ग्रॅम वाळवलेले मार्शमॅलो, पाव चमचा खडे मीठ. सगळं खोलीच्या तापमानाचं हवं. ओव्हनमधून नुकतं काढलेलं गरम बिस्किट आपल्याभोवतीचं टेम्परिंग मोडतं, आणि फ्रिजमधून काढलेलं गार बिस्किट स्वतःबरोबर दव आणतं.

आधी बिस्किटं लावा आणि प्रत्येक तुकडा बोटाने अर्धा रुतेपर्यंत दाबा. मग मार्शमॅलो, तेही दाबून. नुसते वरून भुरभुरले तर तोडताना सुटणार. उरलेला बिस्किटांचा चुरा मोकळ्या जागांवर टाका आणि शेवटी मीठ. मीठ धुरावलेलं मिळालं तर जरूर घ्या. लाकडाच्या धुरात मुरलेल्या मिठाचे चार कण जिभेवर आले की शेकोटी आठवते, आणि ते काम दुसऱ्या कशाने होत नाही. द्रवरूपातला धुराचा अर्क मात्र यात नको. तो पाण्यातला असतो, आणि चॉकलेटमध्ये पाणी गेलं की काय होतं ते वर आलंच आहे. वर चॉकलेटच्या बारीक रेघा ओढायच्या असतील तर थोडं टेम्पर केलेलं चॉकलेट वाटीत राखून ठेवा. ते दाट व्हायला लागलं तर हेअर ड्रायरची गरम हवा दोन-तीन सेकंद दाखवा. पुन्हा वितळवायला नेलंत तर टेम्परिंग जाईल.

शेंगदाणे, बदाम, काजू घालावेत का, असंही पुढे विचाराल. स्मोअर्समध्ये ते नसतात आणि मी घालत नाही. घालायचेच तर खमंग भाजून, गार करून, अख्खे किंवा मोठे तुकडे. बारीक कुटले की तेल सुटतं, आणि ते तेल चॉकलेटमध्ये उतरून त्याला मऊ करतं.

फ्रिजमधून काढल्यावर लगेच तोडायची घाई करू नका. स्फटिक बांधण्याचं काम पुढचा एक दिवस चालू असतं. रात्रभर गार, कोरड्या जागी झाकून ठेवलेला पत्रा दुसऱ्या दिवशी काचेसारखा तुटतो. तोडताना सुती हातमोजे घाला. बोटांची ऊब कोको बटरला पुरते आणि चकाकीवर ठसे उमटतात. सरळ चौकोन हवे असतील तर पत्रा अर्धवट थिजून चामड्यासारखा लागत असतानाच सुरीने रेघा मारा. मी मात्र वेडेवाकडेच तोडते. एका तुकड्यात मार्शमॅलो जास्त, दुसऱ्यात बिस्किट जास्त, आणि घरात त्यावरून लाडकं भांडण होतं, ते मला हवंच असतं.

साठवायला १६ ते १८ अंश आणि हवाबंद डबा. कांदा, लसूण, मसाला, कॉफी यांच्या शेजारी नको, चॉकलेटमधली चरबी वास पटकन धरते. कडक उन्हाळ्यात फ्रिजशिवाय पर्याय नसेल तर डबा बंद करून, वरून आणखी एक पिशवी घालून ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान तासभर, उघडू नका. दव मग डब्याच्या बाहेर धरतं, बार्कवर नाही.

हीच विचारपद्धत दुसऱ्या उन्हाळी गोडांनाही लागू पडते. इंग्लंडमध्ये स्ट्रॉबेरी, क्रीम आणि मेरिंग एकत्र करून खातात त्या ‘ईटन मेस’वरून बार्क करायचा तर व्हाइट चॉकलेट, मेरिंगचे तुकडे आणि फ्रीझ-ड्राय केलेली, म्हणजे गोठवून वाळवलेली स्ट्रॉबेरी. ताजी स्ट्रॉबेरी जवळपास नव्वद टक्के पाणी असते, ती दोन तासांत चॉकलेटवर डबकं करते. फ्लोरिडातल्या ‘की लाइम पाय’ या लिंबाच्या गोड पदार्थावरून करायचा तर रस वापरता येत नाही. किसलेली साल मंद आचेवर वाळवायची, आणि आंबटपणासाठी चिमूटभर सायट्रिक ॲसिड साखरेबरोबर कुटून वरून भुरभुरायचं.

आता हातात असलेल्या फसलेल्या बार्कचं काय करायचं. तो खराब झालेला नाही, फेकू नका. चिवट मार्शमॅलो आणि सादळलेली बिस्किटं सुटतील तेवढी काढून घ्या. उरलेलं चॉकलेट वितळवून गाळणीतून गाळलं की पुढच्या खेपेला वितळवण्याच्या २७० ग्रॅममध्ये चालेल. विरजणाच्या १३० ग्रॅमसाठी मात्र नवीन, चकाकतं चॉकलेटच घ्या, कारण डाग पडलेल्या चॉकलेटमध्ये ते योग्य स्फटिक शिल्लक असतीलच असं नाही. काढलेली बिस्किटं १५० अंशांवर दहा मिनिटं भाजलीत तर पुन्हा कुरकुरीत होतील. आणि दोन-चार मोठे तुकडे तसेच राहिले असतील तर ते ताटलीत ठेवून ग्रिलखाली अर्धा मिनिट धरा. मार्शमॅलो फुगेल, चॉकलेट ओघळेल. तेवढ्यात खायला बसा.